नव्या पुलावरची पाल

निंबघाटच्या नव्या पुलाला त्या वर्षी एक मे रोजी पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. एवढा म्हातारा झाला तरी त्याला सगळे नवा पूलच म्हणत. त्याच्या आधीचा जुना पूल पुरात वाहून गेला होता, आणि तो पाहिलेलं माणूस आता गावात फारसं उरलं नव्हतं.

अमृतमहोत्सवाची तयारी जोरात चालली होती. कमानी उभ्या राहिल्या, कठड्यांना रंग लागला. आणि नेमकी त्याच वेळी पाल चुकचुकायला लागली.

ही काही भिंतीवरची पाल नव्हे. पुलाची तपासणी करणारा तो एक यंत्रमानव होता, हातभर लांब आणि चार पायांचा. पायांत चुंबक असल्यामुळे तो पुलाच्या लोखंडी तुळयांना (रस्ता ज्यांच्यावर तोललेला असतो ते आडवे बार) खालून चिकटून उलटा चालायचा. तुळयांवर किती दाब येतोय ते मोजायचा, आणि दाब फार झाला की चुकचुक असा आवाज करायचा. पहिल्याच दिवशी कुणीतरी त्याला पाल म्हणालं आणि तो पालच झाला.

कोडं असं होतं, की पाल फक्त दुपारी चुकचुकायची. पहाटे दुधाच्या गाड्या जात, संध्याकाळी अख्खा बाजार पुलावरून जाई, तेव्हा ती गप्प. भर दुपारी पुलावर चिटपाखरू नसताना मात्र तिची चुकचुक सुरू व्हायची.

"ऊन लागलं असंल तिला," लोक म्हणाले. एकानं तर तिच्यासाठी ओलं पोतं नेलं. पालिकेच्या माणसानं यंत्रच बिघडलं म्हणून सांगितलं. शेवटी महोत्सव समितीचे अध्यक्ष विनीत वानखडे यांनी आपल्या फोनवरून पालीचा आवाज बंद करून टाकला.

"पाहुणे भाषणाला उभे राहतील आणि ही खालून चुकचुक करंल," ते घरी म्हणाले. "पुलाच्या वाढदिवसाला पाल चुकचुकली म्हणतील लोक. शोभतं का?"

त्यांच्या मुलीला, शाल्मलीला, हे पटलं नाही. ती सहावीत होती. तिची आई पलीकडच्या काठावरच्या दवाखान्यात नर्स होती. रोज दुपारी पाळी संपली की ती सायकलनं याच पुलावरून घरी यायची. पांगुळ नदीवरचा दुसरा पूल थेट पुढच्या तालुक्यात होता.

महोत्सवाला दोन दिवस उरले असताना शाल्मलीचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, नागपूरहून आले. हेमंत आबाजी धातुशास्त्रज्ञ (धातूंचा अभ्यास करणारे) होते. फार हळू बोलत, आणि बोलण्यात मधूनच एक 'बहुधा' घालत.

शाल्मलीनं त्यांच्यापुढे आपला फोन धरला. पालीचा आवाज बंद असला तरी तिची मोजमापं फोनवर येत होती.

"आबाजी, ही तांबडी रेघ दाबाची. ही निळी उन्हाची. दोन्ही सोबतच चढतात, सोबतच उतरतात."

"कुणी दाखवलं तुला हे?"

"दाखवायला कशाला लागतं? दिसतंय ना."

आबाजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग विचारलं, "बैलगाडीचं चाक पाहिलंस कधी?"

"सहलीला गेलो होतो तेव्हा. संग्रहालयात."

"त्या लाकडी चाकावर लोखंडाची पट्टी असते, तिला धाव म्हणतात. थंड असताना ती चाकाहून किंचित लहान असते. मग चाकावर चढते कशी?"

"ठोकून?"

"नुसती ठोकली तर चाकच फुटेल. लोहार ती भट्टीत लाल तापवायचे. तापलं की लोखंड वाढतं. धाव मोठी होते, चाकावर बसते. मग पाणी ओतलं की आकसते आणि चाकाला घट्ट आवळून धरते. तापल्यावर असं वाढण्याला प्रसरण म्हणतात."

शाल्मलीनं खिडकीतून पुलाकडे पाहिलं. "म्हणजे आपला पूलही वाढतो?"

"रोज. दुपारी लांब होतो, पहाटे आखडतो. हिवाळ्यातल्या पहाटेपेक्षा मे महिन्यातल्या दुपारी तो बहुधा चार बोटं तरी लांब असेल."

"चारच बोटं?"

"चारच. पण त्या चार बोटांना जागा लागते. म्हणून असा पूल सलग बांधत नाहीत. तुकडे करतात आणि तुकड्यांच्या मध्ये, काठांपाशीही, फटी ठेवतात. त्यांना प्रसरण-सांधे (वाढायला सोडलेली जागा) म्हणतात. आपल्या पुलाला तीन तुकडे आहेत, म्हणजे अशा चार फटी असणार. उद्या सकाळी दाखव मला."

शाल्मलीनं फोन खाली ठेवला.

"काय झालं गं?"

"आबाजी, त्या भेगा होत्या ना?" ती म्हणाली. "आम्ही त्या भरल्या."

जानेवारीत कुणीतरी पुलाचा फोटो सगळ्यांना पाठवला होता. 'नव्या पुलाला भेगा पडल्या.' महोत्सवाच्या तोंडावर हे ऐकून गाव हळहळलं. बाबांनी श्रमदानाची हाक दिली. थंडीत कुडकुडत सगळे पहाटे पुलावर जमले. फटींतलं कुजलेलं रबर उपसलं, घमेल्यांनी काँक्रीट ओतलं, वरून थापीनं गुळगुळीत केलं. वर चहा आणि आलूपोहे झाले. अलीकडच्या काठाजवळच्या भेगेवर, काँक्रीट ओलं असताना, शाल्मलीनं आपल्या हाताचा ठसा उमटवला होता. तो अजून तिथं होता. येता-जाता ती त्यात हात ठेवून पाहायची.

आबाजी खाली बसले. "थंडीत पूल सगळ्यात आखूड असतो," ते म्हणाले, "म्हणून फटी सगळ्यात रुंद असतात. म्हणूनच तुम्हाला त्या भेगा वाटल्या. आणि नेमक्या तेव्हाच भरल्या गेल्या. आता पूल वाढतोय, पण त्याला जागा नाही. तो दोन्ही काठांच्या भिंतींना रेटतोय. दुपारी. पाल तेच सांगत होती."

रात्रीच्या जेवणाला त्यांनी हे विनीतरावांना सांगितलं. विनीतरावांनी हातातला घास ताटात ठेवला.

"काऊन असं बोलता बाप्पा? मी स्वतः भरल्या त्या. पुलाची सेवा म्हणून भरल्या."

"हो, सेवाच ती. पण पूल आता बंद ठेवायला हवा. फटी फोडून मोकळ्या करायला हव्यात. उद्याच."

"उद्या? परवा कार्यक्रम आहे. पाहुण्यांसमोर काय, फोडलेला पूल दाखवू?" विनीतराव थांबले. मग जरा मवाळ आवाजात म्हणाले, "तुमची खात्री आहे का आबाजी? उद्याच काही होईल, असं?"

आबाजी आयुष्यभर खरं बोलत आले होते. ते म्हणाले, "उद्याच, असं कसं सांगू? माझा हिशोब थोडा चुकतही असेल. पण..."

"मग बघा ना. तुम्हालाच खात्री नाही. महोत्सव होऊन जाऊ द्या, दोन तारखेला मी स्वतः कुदळ मारतो."

आबाजींचं 'पण' तसंच राहिलं. ते मान खाली घालून भात कालवत बसले. त्यांचा हिशोब चुकतही असेल, हे खरंच होतं. शास्त्रज्ञ असंच बोलतात. कुणाला थांबवायला तेवढं पुरत नाही, हे शाल्मलीला त्या रात्री कळलं आणि तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी आई पहाटेच, पूल थंड असताना, दवाखान्यात गेली. ऊन आदल्या दिवसापेक्षा कडक होतं. आई यायच्या वेळेला तांबडी रेघ कधी नव्हती इतकी वर गेली. शाल्मलीनं बाबांचा फोन उचलला आणि पालीचा आवाज सुरू केला, होता तेवढा मोठा.

सगळा घाट चुकचुकला. नदीच्या कोरड्या पात्रात तो आवाज घुमत राहिला. पलीकडून पुलावर चढणारी माणसं जागीच थांबली. कुणाला प्रसरण ठाऊक नव्हतं. निघताना पाल चुकचुकली की पाऊल टाकू नये, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ती अपशकुनाला भिऊन थांबली, पण थांबली. त्यांत सायकल धरून उभी असलेली आईसुद्धा होती.

"कुणी केला आवाज सुरू?" म्हणत विनीतराव घराबाहेर धावले, आणि तेवढ्यात अलीकडच्या काठाची भिंत तडकली. तुळई जिच्यावर टेकली होती ती शिळा फुटली. पुलाचा पहिला तुकडा, शाल्मलीच्या हाताच्या ठशासकट, एका बाजूनं खाली गेला आणि वाळूत रुतला. धुरळा खाली बसायला बराच वेळ लागला.

कुणी मेलं नाही, कुणाला खरचटलंही नाही. पण नवा पूल गेला.

एक मे रोजी भाषणं झाली नाहीत. माणसं दोन्ही काठांवर येऊन नुसती उभी राहिली. विनीतराव कमानींचे खांब एकटेच उपटत होते. कुणी मदतीला गेलं तर म्हणायचे, "राहू दे. मीच उभ्या केल्या होत्या." नवीन पूल कधी होईल, कुणालाच सांगता येत नव्हतं. आईला आता दवाखान्यातच राहावं लागणार होतं. आठवड्यातून एकदा, लांबच्या पुलावरून वळसा घालून ती येणार होती. पलीकडच्या काठावर तिचा पांढरा गणवेश दिसत होता, मिठाच्या खड्याएवढा.

उरलेले दोन तुकडे तरी वाचावेत म्हणून आबाजींनी पहाटेच निरोप पाठवला होता. पलीकडच्या लोकांनी त्या बाजूच्या दोन फटींतलं काँक्रीट छिन्नीनं फोडून काढलं. आबाजींनी या वेळी 'बहुधा' म्हटलं नव्हतं. विनीतरावांच्या नजरेला नजर मात्र त्यांनी दिली नाही, आणि विनीतरावांनीही नाही.

शाल्मलीचा फोन वाजला. आई होती.

"शालू, मी फटीपाशी बसलेय. तीन बोटं जातात बघ."

"आत्ता सकाळ आहे," शाल्मली म्हणाली. "दुपारी पुन्हा बघ."

दोघी आपापल्या काठावर थांबल्या. ऊन चढत गेलं. आबाजींनी नातीच्या डोक्यावर छत्री धरली.

"आबाजी, नवीन पुलालाही फटी असतील?"

"असतील."

"आणि आपण सगळे नसू तेव्हा लोक पुन्हा भरतील."

आबाजींनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "भरतीलही," ते म्हणाले.

शाल्मलीनं पडलेल्या कमानीची एक फळी ओढून घेतली. उरलेल्या रंगात ब्रश बुडवून त्यावर लिहिलं: 'ही भेग नाही. ही पुलाची वाढायची जागा आहे. भरू नये.' अक्षरं वाकडी आली. विनीतराव जवळ येऊन उभे राहिले. त्यांनी वाचलं, फळी उचलली आणि वाळायला सावलीत ठेवली.

भर दुपारी फोन पुन्हा वाजला.

"आता दोनच बोटं जातात गं. तीन घालून पाहिली, नाही जात."

फोनवर निळी रेघ वर गेली होती. तांबडी खालीच होती. पलीकडच्या दोन तुकड्यांखाली पाल उलटी चालत होती, तिचा आवाज पूर्ण सुरू होता. दोन्ही काठांवरची माणसं श्वास रोखून ऐकत राहिली.

पाल चुकचुकली नाही.