पंप, उजवा सोड

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायचीच असती, तर शेवट तरी बरा केला असता.

भुताच्या गोष्टी म्हटल्या की रात्र आलीच. ही दुपारची आहे. गुरुवार होता, सव्वातीन वाजले होते, ऊन डोळ्यांत घुसत होतं आणि मी पूर्ण शुद्धीत बंबाच्या मागे उभा होतो.

मी अग्निशमन दलात पंपवाला आहे. एकोणीस वर्षं झाली. काम ऐकायला सोपं आहे. आत गेलेल्यांना हवं तेव्हा पाणी द्यायचं, नको तेव्हा द्यायचं नाही. आत काय चाललंय ते आम्हाला दिसत नाही. वॉकीवर जो आवाज येईल, त्यावर विश्वास ठेवायचा.

त्या दिवशीची वर्दी एका केमिकलच्या कारखान्यातली होती. गोदामाच्या शेडमध्ये फोर्कलिफ्टचा दात लागून एक पिंप फुटलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा आग कुठेच नव्हती. शेडच्या दारातून नुसता पांढरा धूर येत होता. वर जात नव्हता. जमिनीला चिकटून, सावकाश, आमच्या दिशेने सरकत होता.

आमच्या माणसांनी सवयीप्रमाणे एक पाइप दारातून आत टाकलासुद्धा. मी त्याचं दुसरं टोक पंपाच्या उजव्या व्हॉल्व्हला जोडलं. तेवढ्यात कारखान्याच्या केमिस्ट बाई धावत आल्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, धाप लागलेली.

"पाणी मारू नका," त्या म्हणाल्या. "थेंबसुद्धा नको."

ते क्लोरोसल्फोनिक ॲसिड होतं. पाणी लागलं की ते उकळून उसळतं, आम्लाचे फवारे उडतात, असं त्यांनी आमच्या तुकडीच्या साहेबांना समजावलं. शेजारी तसलीच बेचाळीस पिंपं रचलेली होती. पाणी पडलं तर त्यांचंही काही खरं नव्हतं आणि आत असलेल्या माणसाचं तर नव्हतंच.

म्हणजे पाच हजार लिटर पाणी घेऊन आम्ही आलो होतो आणि त्याचा उपयोग शून्य.

साहेबांनी बेत ठरवला. पिंपाच्या भोकात पाचर ठोकायची, सांडलेल्यावर कोरडी वाळू टाकायची. आत दोघेच जाणार होते. एक स्वतः साहेब आणि दुसरा माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. माझ्याच ओळखीने दलात लागलेला. अंगभर बंद सूट, पाठीवर हवेचा सिलेंडर, तोंडावर मास्क. सूट चढवताना तो म्हणाला की लग्नातसुद्धा त्याला इतक्या जणांनी मिळून नटवलं नव्हतं.

आत टाकलेला पाइप ओढून काढायला साहेबांना कोणाला दाराशी पाठवायचं नव्हतं. "राहू दे. उजवा बंद ठेव, बस," ते म्हणाले. डाव्या व्हॉल्व्हवर शॉवर जोडला होता, शेडपासून लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला. दोघं बाहेर आले की सूटवरचं आम्ल धुवायला तिथे धो धो पाणी लागणार होतं. म्हणून पंप चालूच ठेवायचा होता.

उजवा पाइप मी तेव्हाच माझ्या बाजूने सोडवायला हवा होता. डोक्यातच आलं नाही.

दोघं धुरात शिरले. तीन पावलांत दिसेनासे झाले.

सुरुवातीला सगळं नीट चाललं होतं. वॉकीवर साहेब बोलायचे, मागे त्यांचा श्वास ऐकू यायचा. मास्कमधून हवा ओढल्याचा तो खरखरीत आवाज. स्स्स... मग सुटका. स्स्स... मग सुटका. आत गेलेला माणूस बोलतो तेव्हा शब्दांमागे हा आवाज असतोच. त्याची इतकी सवय होते की तो वेगळा ऐकूच येत नाही.

दहा मिनिटं झाली.

मग वॉकी एकदम गप्प झाला.

मी दोनदा हाक मारली. उत्तर नाही. शेडमधून हातोडीचे ठोके येत होते, तेही थांबले. धूर मात्र सरकतच होता...

आणि साहेबांचा आवाज आला.

"पंप, उजवा सोड."

मला वाटलं, चुकून डाव्याऐवजी उजवा म्हणाले. मी म्हटलं, साहेब, परत सांगा.

"पंप, उजवा सोड."

तोच सूर. तेवढाच वेग. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

मी सांगितलं की उजवा पाइप शेडमध्ये आहे, पाणी थेट आत पडेल. पंपाची घरघर तेवढी ऐकू येत होती. माझा हात आपोआप उजव्या व्हॉल्व्हच्या चाकावर गेला होता. हुकूम ऐकायची सवय, दुसरं काय.

मग मेहुण्याचा आवाज.

"दाजी... जळतंय. पाणी सोडा."

घरी तो मला दाजी म्हणतो. कामावर कधीच नाही. वॉकीवर मी पंप आणि तो दोन नंबर. पण जळणारा माणूस नियम पाळत बसेल का? मी चाक घट्ट धरलं. बायकोचा चेहरा डोळ्यांसमोर आला. तिला काय सांगू?

"दाजी, सोडा ना."

चाक मी थोडं फिरवलंही होतं. खरं सांगतो. आणखी थोडं फिरलं असतं तर पाणी सुटलं असतं.

आणि माझ्या लक्षात आलं...

श्वास नव्हता.

तो रडवेला होऊन बोलत होता, पण शब्दांमागे काहीच नव्हतं. मास्क नाही, हवा नाही. मी वॉकी तोंडाशी नेला आणि विचारलं, "तुझा श्वास का ऐकू येत नाही?"

शांतता.

मग श्वास सुरू झाला.

स्स्स... स्स्स... स्स्स... नुसता आत. बाहेर एकदाही नाही. कोणीतरी ऐकीव माहितीवर श्वास घ्यायला बघत होतं.

माझ्या हाताखाली चाक हललं.

मी फिरवलं नव्हतं. ते स्वतःहून फिरू पाहत होतं, उघडायच्या दिशेने, हळूहळू, पण जोर असा की मला दोन्ही हात लावावे लागले. पंप बंद करायचा तर डावीकडचा शॉवरही बंद पडणार. ते दोघं बाहेर येऊन कोरडे उभे राहिले असते. मी चाकावर छाती टेकवली, अंगाचं सगळं वजन टाकलं आणि चाक बंद दाबून धरत एका हाताने पान्याने उजव्या पाइपचं कपलिंग सोडवलं. बोटांची सालटी निघाली. पाइप खाली पडला.

चाक थांबलं.

बंबावरचे दुसरे दोन जवान शॉवरपाशी उभे होते. त्यांच्याकडे वॉकी नव्हता, पंपाच्या आवाजात त्यांना काही कळलं नाही. केमिस्ट बाई मात्र माझी धडपड बघून जवळ आल्या. पाइपचं सुटलेलं तोंड आम्हा दोघांच्या मध्ये पडलं होतं. चपटा, कोरडा पाइप. आत थेंब नव्हता.

त्या तोंडातून आवाज आला. साहेबांचा नाही, मेहुण्याचाही नाही. कोणा वयस्क माणसाचा, चिडलेला.

"तुम्हाला बरं मिळतं पाणी."

बाईंनी तो ऐकला. मला विचारायची गरजच पडली नाही. त्या दोन पावलं मागे सरकल्या, तशाच वळल्या आणि फाटकापर्यंत थांबल्या नाहीत.

चार मिनिटांनी साहेब आणि मेहुणा धुरातून बाहेर आले. साहेबांच्या सिलेंडरची शिट्टी वाजत होती, म्हणजे हवा संपत आली होती. दोघांना शॉवरखाली उभं केलं. पाणी अंगावर पडलं तसा मेहुणा दचकला. मास्क काढल्यावर त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं ते रागाने.

"पाणी होतं ना शॉवरला? मग नाही नाही काय सांगत होतात?"

मी काहीच सांगितलं नव्हतं. पण त्या दोघांनी आत माझा आवाज ऐकला होता. शॉवर कोरडा आहे, बाहेर येऊ नका, आतच थांबा. पाचर केव्हाच बसली होती, वाळू टाकून झाली होती, तरी ते माझ्या सांगण्यावरून आत उभे होते. शेवटी हवा संपायला आली तेव्हा साहेब म्हणाले, आत गुदमरण्यापेक्षा बाहेर भाजलेलं परवडलं.

पाणी सोडा असं दोघांपैकी कोणीही म्हटलं नव्हतं.

नंतर केमिस्ट बाईंना मी फोन केला. दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला. सहा वर्षांपूर्वी त्याच शेडमध्ये पिंपं भरणाऱ्या एका जुन्या कामगाराच्या अंगावर ॲसिड उडालं होतं. कोपऱ्यातल्या शॉवरखाली जाऊन त्याने साखळी ओढली. वरच्या टाकीत पाणी नव्हतं. तो ओरडत राहिला, बाहेरच्यांनी ऐकलं, पण आत जायला सूट कोणाकडे नव्हते. चौकशीत लिहिलं गेलं की त्याने साखळी ओढलीच नाही. एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही.

मी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की हे केंद्राबाहेर जाऊ देऊ नकोस, लोक हसतील. मी गप्प बसलो.

तीच माझी चूक.

आठ महिन्यांनी त्याच कारखान्यातून पुन्हा वर्दी आली. मला सुट्टी होती. दुसऱ्या केंद्राचा बंब गेला. त्यांचा पंपवाला माझ्याच हाताखाली शिकलेला, डोकं शांत, एक चूक न करणारा माणूस. पाणी मारायचं नाही हे त्याला स्पष्ट सांगितलेलं होतं.

त्याने व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.

आत दोघे होते. एक जागीच गेला. दुसरा वाचला, पण त्याला आता दिसत नाही.

मी रुग्णालयात गेलो तेव्हा पंपवाला बाकावर बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं,

"मी तुम्हाला तीनदा विचारलं. तीनही वेळा तुम्ही सोड म्हणालात. का?"

मी सांगितलं, मी घरी होतो. बायकोबरोबर कपाटाचं दार बसवत होतो. तिला विचार. त्या दुपारी वॉकीला माझा हातसुद्धा लागलेला नाही.

तो म्हणाला, "तुमचा आवाज मला ओळखू येत नाही होय?"

त्याची नोकरी गेली. घर बदललं. माझा फोन तो घेत नाही. बायको म्हणते, तू घरी होतास, मी साक्षीला आहे, आता विसर. मी मान हलवतो.

ती शेड अजून उभी आहे. आत पिंपं आहेत.