स्टिअरिंगला टांगलेलं बूच

फौजदारांनी बूच दोन बोटांनी फिरवलं आणि ते सहज सुटून त्यांच्या हातात आलं. त्यांनी भोकात करंगळी घातली. करंगळी कोरडी निघाली.

"थेंब नाही," ते म्हणाले. "मागच्या चाकांच्या मधला हा गोळा, डिफरन्शियल. आतले दाते तेलात बुडालेले असतात. तेल नसलं की तापतात आणि एकमेकांत रुततात. उतारावर मागची चाकं एकदम अडकली असणार. गाडी वळलीच नाही, सरळ दरीत गेली."

पोलीस ठाण्याच्या आवारात, चेपलेल्या पिकअपशेजारी ताई उभी होती. गाडी तिच्या धाकट्या भावाची. मिशा पिकायला लागल्या तरी सगळे त्याला बाळ्याच म्हणायचे. परवाच त्याला स्मशानात पोचवून आले होते.

"म्हणजे गाडी ज्याच्याकडे दुरुस्तीला होती त्या मिस्त्रीने जुनं तेल काढलं आणि नवं ओतलंच नाही?"

"दिसतंय तरी तसंच."

"साहेब, ज्याने कुणी हे केलं त्याची कॉलर धरून मी स्वतः तुमच्या दारात आणीन. तो कुणी का असेना."

ताई कपडे शिवायची. तिची जीभ कात्रीपेक्षा जास्त चालते, असं गिऱ्हाईकं कौतुकानेच म्हणत. पण या वेळी ती बोलली ते कुणाला चेष्टेचं वाटलं नाही. फौजदारांनीही मान खाली घातली.

घरी आली तेव्हा नवरा कामावरून नुकताच परतला होता. बाळ्या त्याला दाजी म्हणायचा, म्हणून अख्खी गल्ली त्याला दाजीच म्हणे. मिस्त्रीच्या गॅरेजला लागून असलेल्या गोदामात तो मालाची चढ-उतार बघायचा. उजाडता उजाडता जायचा आणि ऊन उतरल्यावर यायचा.

"मिस्त्रीला फासावर चढवला पाहिजे," सगळं ऐकून दाजी म्हणाला. मग तो आरामात पाय धुवायला गेला.

ताईने त्याचा डबा घासायला घेतला. डब्याची कडी कधीची तुटली होती, पण नवा डबा आणेल तो दाजी कसला! वाकडा खिळा, तुटकं बटण, सुतळीचा तुकडा, काही म्हणून फेकायचा नाही, आणि दुसऱ्यालाही फेकू द्यायचा नाही. पूर्वी डब्याला कापडाची चिंधी बांधलेली असायची. हल्ली काळ्या रबराची पट्टी होती, एका टोकाला लाल डाग असलेली. ताईने ती सोडून बाजूला टाकली आणि नाक मुरडलं. दोन-चार दिवस मोरीत कुजक्या अंड्यांसारखा घाण वास येत होता. मोरी खरवडून झाली, डबा उकळून झाला, तरी वास काही हटेना.

शिवणयंत्राच्या वर चिमीचा फोटो होता. त्यांची एकुलती एक मुलगी. मामाच्या गाडीच्या हौद्यात बसून हट्टाने फिरायला गेली, बाळ्याने करकचून ब्रेक मारला आणि पोर खाली पडली ती उठलीच नाही. इस्पितळाच्या दारात ताईने रडणाऱ्या भावाला जवळ घेतलं होतं. "तू मुद्दाम नाही केलंस रे," एवढंच म्हणाली होती. दाजी तेव्हा त्या दोघांपासून लांब उभा होता. पुढे बाळ्या घरी जेवायला यायचा, दाजी त्याच्या पंक्तीला बसायचा. त्या पिकअपमध्ये मात्र तो पुन्हा कधी बसला नाही.

दुसऱ्या दिवशी फौजदार मिस्त्रीला घेऊन गॅरेजवर गेले. ताईही हटून सोबत गेली. अपघात झाल्यापासून दुकानाला पोलिसांचं कुलूप होतं. मिस्त्रीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तेल कधी बदललंस?" फौजदारांनी विचारलं.

"बदललं कुठे साहेब, काढलं फक्त. मागचं झाकण खोललं, आतून फडक्याने पुसून कोरडं केलं, तेल गळू नये म्हणून पेस्ट लावून झाकण बसवलं. पेस्ट रात्रभर सुकू द्यावी लागते. तेल दुसऱ्या दिवशी ओतणार होतो."

"मग बाळ्याने गाडी नेली कशी?"

"दुसरी किल्ली त्याच्याकडे असायची. पण त्याने नेली नसती. तेल ओतायचं बाकी असलं की मी ते ओतायच्या भोकाचं बूच स्टिअरिंगला बांधून ठेवतो. बूच टांगलेलं दिसलं की गाडी तयार नाही. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत आहे. शेजारपाजारच्यांनाही."

"खोटं!" ताई कडाडली. "टांगायला विसरलास आणि आता गोष्टी रचतोस!"

"विसरलो असतो तर बूच माझ्याकडे राहिलं असतं ना, ताई? ते गाडीला लावलेलं सापडलं. रिकाम्या गोळ्याला मी बूच कशाला लावू? आणि लावलंच, तर पाना सोडून बोटांनी लावीन?"

फौजदारांनी बूच दोन बोटांनी काढलेलं तिने स्वतः पाहिलं होतं.

"त्या रात्री तुझे पाने कुठे होते?" फौजदारांनी विचारलं.

"आत, कुलपात. गाडी बाहेर, उघड्यावर. तिची खिडकी नीट लागायची नाही, कुणाचाही हात आत जाईल."

"बूच बांधतोस कशाने?"

मिस्त्रीने खिळ्यावरची चाकाची जुनी ट्यूब दाखवली. "हिची पट्टी कापून. दर गाडीला नवी, तेलाने चिकट होते म्हणून. बाळ्याच्या गाडीनंतर कापलेलीच नाही. कुलूपच लागलं."

ताईने ट्यूब हातात घेतली. पंक्चरचं गोल लाल ठिगळ होतं, बरोबर मधून कापलेलं. अर्धंच ट्यूबवर उरलं होतं. कोपऱ्यात काढलेल्या तेलाची बादली होती. ताई तिच्यावर वाकली आणि तो वास तिच्या नाकात गेला.

ती तिथेच स्टुलावर बसली.

"काय झालं?" फौजदारांनी विचारलं.

"संध्याकाळी घरी या," ती कशीबशी म्हणाली. "मिस्त्रीला आणा. ही ट्यूबही आणा."

संध्याकाळी कामावरून आलेल्या दाजीने दारात फौजदार आणि मिस्त्रीला पाहिलं आणि ताईकडे बघितलं. ताईने त्याच्या हातातला डबा काढून घेऊन मेजावर ठेवला.

"ही पट्टी कुठली हो?"

"सापडली. रस्त्यात."

"कुठल्या रस्त्यात?"

"आता काय सांगू? पडलेली होती, उचलली."

ताईने पट्टी सोडली आणि ट्यूबच्या कापलेल्या कडेला लावली. लाल ठिगळ पूर्ण गोल झालं.

"साहेब, मिस्त्रीने बूच या पट्टीने स्टिअरिंगला बांधलं होतं. जुन्या तेलाने माखलेलं बूच. तोच वास माझ्या घरात घुसलाय, आणि मी वेडी मोरी घासत बसले. त्या सकाळी, बाळ्या यायच्या आधी, कुणीतरी खिडकीतून हात घालून ते सोडलं. पाना मिळाला नाही म्हणून बोटांनीच गाडीला लावलं. बाळ्या आला, स्टिअरिंग मोकळं दिसलं, त्याला वाटलं गाडी तयार. रिकाम्या गोळ्यावर तो माल भरून घाटात गेला. खापर फुटणार होतं मिस्त्रीच्या डोक्यावर." तिने पट्टी दाजीसमोर धरली. "रस्त्यात पडलेली असती तर वाऱ्याने उडाली असती, कुणी तुडवली असती. पण ज्याने सोडली त्याने ती खिशात घातली. चांगली पट्टी फेकवत नाही अशी एकच व्यक्ती मला माहीत आहे."

दाजी खुर्चीत बसला. नाकारण्याचा त्याने प्रयत्नही केला नाही.

"बूच हातात घेतलं तेव्हा वाटलं, राहू दे," तो म्हणाला. "मग तो हौदा दिसला. चिमी बसली होती तो. रोज माझ्यासमोर तो माणूस हसत जेवायचा. तू त्याला माफ केलंस. माफ करताना मला विचारलं होतंस?"

ताईची नजर चिमीच्या फोटोवर गेली.

"आणि मी, दाजी?" मिस्त्रीने विचारलं. "मी काय बिघडवलं होतं तुमचं?"

"तुझ्यावर राग नव्हता. कुणाच्या तरी नावावर जायला हवं होतं."

ते ऐकलं आणि ताई उठली.

"बाळ्याकडून घडलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही केलंत. एकदा माफ केलं ना मी? माझ्याजवळ होतं तेवढं सगळं तेव्हाच देऊन बसले. आता काही शिल्लक नाही."

फौजदार पुढे सरले. ताईने हात आडवा केला.

"मी आणते म्हटलं होतं."

तिने नवऱ्याची कॉलर धरली आणि त्याला उठवलं. गल्लीतले लोक दारात येऊन उभे राहिले. ती कुणाकडे न बघता त्याला ओढत पोलीस ठाण्यापर्यंत घेऊन गेली. सदरा तिनेच शिवलेला होता, दुहेरी टाके घालून. कॉलर कुठेही उसवली नाही.