शेवंतीचा घास

माणसाचं वय ममताला चेहऱ्यावरून कधीच कळायचं नाही. दात दिसले की कळायचं. घोड्यांची डॉक्टर ती. दिवसभर घोड्यांचे ओठ वर करून दात बघायचे, मग ती सवय घरी आल्यावर कुठे सुटणार? धर्मेंद्र तिला बघायला आला तेव्हा तो बिचारा मान खाली घालून पोहे खात होता आणि ही समोर बसून त्याच्या तोंडाकडे टक लावून होती. "पास झालो का?" असं त्याने विचारलं तेव्हा ती गोरीमोरी झाली. पण झाला होता तो पास. तिशीच्या आतला गडी, आणि दात कोवळ्या मक्याच्या कणसासारखे.

लग्नानंतर दोघं नंदुरबारला एका वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागली. धर्मेंद्र हायस्कूलमध्ये गणित शिकवायचा. ममता स्कूटरला औषधांची पेटी बांधून गावोगाव हिंडायची. ती घरी आली की हा दारातच अडवायचा, "आधी हात धू बाई, मग माझ्या चहाला हात लाव." मग दोघं गॅलरीत बसायची. त्याला भाजलेले चणे भारी आवडायचे. खिशात पुडी असायचीच, आणि सबंध संध्याकाळ त्याचं कुटुरकुटुर चालायचं. "घोडा बरा तुझ्यापेक्षा," ती म्हणायची. सुख म्हणतात ते हेच असावं, असं तिला वाटायचं, आणि ते आपल्याला इतकं सहज मिळालं याची तिला थोडी भीतीही वाटायची.

लग्नात एकच गोष्ट खटकली होती. खटकली होती ती सासूला, ममताला नव्हे.

धर्मेंद्रचं गाव रनाळे. त्या गावचा नवरदेव घोडेवाल्या भिलाभाऊंच्या शेवंतीवर बसूनच मांडवात जाणार, हे ठरलेलं. शेवंती म्हणजे पांढरीशुभ्र, शांत, वय झालेली घोडी. नवरदेवाने खाली उतरल्याबरोबर, दुसरं काहीही करायच्या आधी, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आपल्या तळहाताने तिला चारायची. तिने घास खाल्ला की मगच मांडवात पाऊल.

आता झालं असं, की लग्नाच्या आठवडाभर आधी शेवंतीला पोटशूळ उठला होता. नाकातून नळी घालून ममतानेच तिला वाचवलं होतं. त्याच वेळी तिने दातही पाहिले होते. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर एक तपकिरी रेघ उमटते आणि वय वाढेल तशी खाली सरकते. शेवंतीची रेघ अर्ध्यावर आली होती, म्हणजे वय पंधराच्या आसपास. अशा घोडीला भिजलेली डाळ म्हणजे पुन्हा पोटफुगी. ममताने हळदीच्या अंगाने फोन करून सांगितलं, डाळ अजिबात चारायची नाही.

"आवं माय, अशी कशी नही चारनी?" सासूबाई, गजराबाई, फोनवर कळवळल्या. "घोडी भुकी ऱ्हाई ना!"

"आई, घोडी मरेल."

धर्मेंद्रने बायकोचं ऐकलं. लग्नाआधीच हुकूम पाळायला लागला म्हणून मित्रांनी त्याची टर उडवली. शहाद्याच्या मंगल कार्यालयाच्या खिडकीतून ममताने पाहिलं: तो घोडीवरून उतरला आणि शेवंतीने मान वळवून त्याचा उजवा हात हुंगला. मग ती त्याचा रिकामा तळवा चाटू लागली. बँडवाले थांबले, बायका आरती घेऊन खोळंबल्या, तरी ती चाटतच राहिली. शेवटी भिलाभाऊंनी लगाम ओढला, धर्मेंद्रने हसत हात शेरवानीला पुसला, आणि सगळे मांडवात आले.

दिवाळी झाल्यावर ममता लसी टोचायला रनाळ्याला गेली. शेवंतीची कातडी नुसती चकाकत होती. सवयीने तिने ओठ वर केला, आणि तिचा हात तसाच राहिला. दातावर रेघ नव्हती. पुढच्या दातांवरचे खड्डे काळे नि खोल होते. हे तोंड सहा-सात वर्षांच्या घोडीचं होतं.

"भिलाभाऊ, घोडी बदलली ना तुम्ही?"

"नही व ताई. तीच शेवंती शे."

ममताने छातीवरचा व्रण शोधला. मागच्या वर्षी काटेरी तारेने शेवंतीची छाती फाटली होती आणि ममताने टाके घातले होते. शेवटचा टाका वाकडा गेला होता, ते तिच्या मनाला लागून राहिलं होतं. व्रण होता. खाली त्या वाकड्या टाक्याची खूणही होती. आपल्या हातचं काम माणूस कसं विसरेल?

"तुमना लगीनपाईन ती भुकी शे," भिलाभाऊ खाली बघत पुटपुटले. गव्हाणीत हिरवागार चारा पडला होता, त्याला तोंड लागलं नव्हतं.

ती घरी आली तेव्हा धर्मेंद्र जिन्यात बसला होता. "घरमालकाने पायऱ्या वाढवल्या की काय गं?" तो हसत म्हणाला. तीही हसली. मग संधिप्रकाशात त्याच्या कानामागचे केस तिला दिसले आणि हसू विरलं. पांढरे झाले होते, एकदोन नव्हे, सगळे.

त्या दिवसापासून ती बघू लागली. बघायला लागल्यावर काय काय दिसतं! वह्या तपासताना तो कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरायचा. भाकरी तो आमटीत कुस्करून मऊ करून खायचा. आणि गॅलरीतलं कुटुरकुटुर कधी बंद झालं, हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. चण्याची पुडी खिशात तशीच असायची, न फोडलेली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. सगळं नॉर्मल. दातांच्या डॉक्टरने त्याला खुर्चीत बसवून ममताला बाजूला घेतलं.

"तुमचे सासरे का?"

"नवरा."

तो वरमला. मग हळू आवाजात म्हणाला, "झीज साठीच्या पुढच्या माणसाची आहे, मॅडम. जन्मतारीख बरोबर लिहिली ना?"

ममताला रडू आलं नाही, संताप आला. कोणावर, ते कळेना. तिने वाचलेल्या एकाही पुस्तकात हे नव्हतं. त्या रात्री धर्मेंद्र तिच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाला, "तू अशी घाबरू नकोस. मी कुठे जातोय?" ती त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली. आपला माणूस आपल्या डोळ्यांदेखत हातातून चाललाय आणि आपल्याला त्या दुखण्याचं नावही सांगता येत नाही, एवढंच तिला कळत होतं.

सारंगखेड्याची जत्रा भरली. तापीकाठी जिकडे तिकडे घोडेच घोडे. ममता सकाळी धर्मेंद्रच्या डोक्याला तेल लावून निघाली होती. भिलाभाऊंच्या खुंटाभोवती व्यापाऱ्यांची ही गर्दी! "बछेरी आहे हो, तीन-चार वर्षांची," कोणीतरी म्हणालं. ती गर्दीत घुसली. अंग तेच, मोठ्या घोडीचं. ओठ वर केला, तर कोपऱ्यात दुधाचे दात. बारीक, पांढरे, शिंगराचे.

शेवंतीने मान वळवली आणि ममताचा तळवा हुंगला. धर्मेंद्रच्या डोक्याला तेल लावलेलाच तो हात होता. मग ती चाटू लागली. सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून. ममताने हात हिसकून घेतला आणि गर्दीतून पळत सुटली.

तिने सासूला फोन लावला. "आई, डाळ कशी भिजवायची असते?"

गजराबाईंनी "का" म्हणून विचारलंच नाही. मग त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "तांबाना भांडामा. आन त्याना हाते चारजो, माय. तू नको चारू."

जत्रा उठली, शेवंती रनाळ्याला परतली. ममताने शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली, धर्मेंद्रला पुढे बसवलं आणि मांडीवर डाळीचं तांब्याचं भांडं दिलं. कोणाला हसू आलं असतं. तिला आलं नाही.

"चुकलं माझं," ती वाटेत म्हणाली.

"तेव्हा घोडी वाचवायची होती तुला," तो म्हणाला. "चूक कसली त्यात?"

भर दुपार होती. भिलाभाऊंच्या अंगणात निंबाची सावली पडली होती. काठी टेकत धर्मेंद्र शेवंतीपुढे उभा राहिला. ममताने त्याच्या उजव्या तळहातावर डाळ ठेवली आणि खालून आपल्या हाताचा आधार दिला.

"खा गं बाई," तो लाडाने म्हणाला. "उशीर झाला, रागवू नकोस."

शेवंतीने डाळ हुंगली.

देवाकडे ममता कधी काही मागत नसे. तेव्हा मागितलं.

शेवंतीने नाक फुरफुरवलं आणि तोंड बाजूला केलं. रुसून नव्हे. पोट भरलेलं जनावर करतं तसं, अगदी शांतपणे.

ममताने पुन्हा त्याचा हात पुढे केला. पुन्हा. घोडीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

भिलाभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली आणि ते घरात गेले.

"जाऊ दे," धर्मेंद्र खाटेवर टेकत म्हणाला. "वाया कशाला घालवायची? चणे नाहीत तर चण्याची डाळ." त्याने एक दाणा उचलला आणि तोंडात टाकला.

डाळ चांगली भिजली होती. चिमटीत धरली तरी फुटत होती.

तो चावत राहिला. या गालातून त्या गालात. ममता त्याच्यापुढे गुडघ्यावर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होती, पहिल्या दिवशी बघितलं होतं तशीच.

मग त्याने हसून मान हलवली, दाणा तोंडातून काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

दाणा अख्खा होता.