मोठ्यानं बोला, मॅडम

दिवाळीची सुट्टी संपली त्या सोमवारी, नऊच्या बसमधून आचल एकटीच फाट्यावर उतरली. बस निघून गेली, धूळ खाली बसली... अन् समोर निंबाखाली हातात काठी घेऊन कैलास उभा!

"तुम्ही इथं?"

"मी? सहज. काठी तोडायले आलतो."

कैलास माझा पोरगा. खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. सकाळी सहालाच घरून निघाला होता, अन् काठी तर घरचीच होती.

आचल आमच्या गावच्या शाळेतली नवी मास्तरीण, हिंगणघाटची. दिवाळीच्या दीड महिना आधी लागली अन् माझ्याच घराच्या समोरच्या खोलीत भाड्यानं राहिली. खोलीच्या अन् घराच्या मधात एक दार आहे. त्याची कडी मी माझ्या बाजूनं लावून ठेवली होती. घरात जवान पोरगा असला की कडी लागते, मग मास्तरीण कितीही गुणाची असो. दोघांचं बोलणं म्हणजे "नळ आला" अन् "नळ गेला", बस. पण नळ गेल्यावरही पोरगा तिथंच काऊन उभा राहतो, एवढं समजायला शाळा शिकावी लागत नाही.

सुट्टी तिची आरामात गेली. मायच्या हातचं खाल्लं, दुपारभर झोपली. पण धनतेरशीला वाघानं आमच्या फाट्याच्या रस्त्यावर नत्थूची कालवड नेली, अन् ती बातमी हिंगणघाटपर्यंत पोचली. बापानं सांगून टाकलं, "पहिल्या दिवशी भेव वाटलं, तर संध्याकाळच्या बसनं वापस ये. नोकरी गेली खड्ड्यात. नागपूरच्या पोराले मी होकार कळवतो."

भेव तर तिला बसमध्येच सुटलं होतं. मांडीवर बॅग अशी दाबून धरली होती, जसं कोणी हिसकून नेते.

फाट्यापासून गाव दोन किलोमीटर. एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला कापसाची पऱ्हाटी अन् तिच्यात माणसाच्या डोक्यावर गेलेली तूर. वाघ फिरून राह्यला की आमच्याकडे नियम असतो — रस्त्यानं एकट्यानं जायचं नाही, अन् चूप राहायचं नाही. माणसाचा आवाज आला की वाघ आपणच बाजूला होते.

"गाडी नाही आणली?" तिनं विचारलं.

"पंक्चर आहे." कान लाल. "मोठ्यानं बोला, मॅडम. वाघाले ऐकू गेलं पाहिजे."

"काय बोलू?"

"काहीही. पाढे म्हणा."

"बे एके बे... बे दुणे चार..." आवाज असा कापत होता की पहिलीतलं लेकरू बरं. नाल्याजवळ आली अन् "बे पंचे" तोंडातच राहिलं. ओल्या मातीत पंजा उमटला होता. ताटलीएवढा.

"हा... आजचा आहे?"

"कालचा असन."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "तुमचे कान लाल झाले."

"थंडी आहे." त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "वाजवायले काही आहे का बॅगेत?"

होता ना. माझा डबा होता. स्टीलचा, झाकणावर माझं नाव कोरलेला. दिवाळीला चिवडा भरून मीच दिला होता. डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपली रीत. म्हणून तिच्या मायनं करंज्या भरून दिल्या होत्या. कैलासनं डब्यावर काठी हाणली. एक, दोन, तीन... चौथ्या दणक्याला झाकण उडालं अन् करंज्या धुळीत!

आचल तिथंच रडायला लागली. "आता काकूंना काय देऊ?"

"वाघ इथं फिरून राह्यला अन् तुम्ही करंज्यांले रडून राह्यल्या?"

"मले वाघापेक्षा तुमच्या मायचं भेव वाटते!"

"आमची माय खात नाई, मॅडम. नुसती गुरगुरते."

ती रडता रडता हसली. मग हसू गेलं अन् तिनं खाली मान घालून म्हटलं, "पाचच्या बसनं... जाऊ का मी वापस?"

"मोठ्यानं."

"जाऊ का म्हणते मी!"

तो चूप. पानही हलेना.

"आता तुम्ही चूप काऊन? नियम मोडला ना!"

"नका जाऊ."

"वाघाले ऐकू नाई गेलं."

"नका जाऊ!" सारं शिवार दणाणलं.

"अन् बापानं पाहिलेल्या नागपूरच्या पोराले काय सांगू?"

"सांगा, इथं वाघ आहे!"

"मले नाईच पाहिजे तो!" तीही ओरडली. "नळ गेल्यावरही मी बादली घेऊन उभी राहते... दिसत नाई का तुम्हाले?"

तेवढ्यात तूर हलली.

सळ्... सळ्... जवळच. आचलनं त्याचा हात पकडला. कैलासनं तिला मागं घेतलं, काठी उचलली. पाय मागं गेला नाही.

तुरीतून मी निघाली.

कमरेला कापसाची ओटी, मागं सात वेचणाऱ्या बाया, साऱ्या तोंडाला पदर लावलेल्या. वावरात चूप राहू नका, असं सकाळीच मी त्यांना दटावलं होतं. डब्याचा आवाज आला अन् मीच त्यांना चूप केलं. आपल्या पोराचं लग्न जुळून राहिलं असताना कोण बोलत बसते?

आचलनं हात सोडवून पाहिला. कैलासनं सोडला नाही. मग तिनं दुसऱ्या हातानं डबा पुढं केला. चेहरा पांढराफट.

"काकू... रिकामाच आहे."

माझ्या नावाच्या मधोमध पोचा पडला होता. मी डबा पाहिला, मग पोराचे कान पाहिले. लाल नव्हते.

"गुरगुरते काय मी?" म्हटलं. "जाय, शाळेत लेकरं वाट पाहून राह्यले. पाचची बस जाऊ देजो. अन् डबा संध्याकाळी घरी आणून देजो, रिकामाच. पण समोरून नाई. मधल्या दाराची कडी काढलेली राहीन."

तिचे डोळे भरून आले. काही न बोलता दोघं चालायला लागले, हातात हात, अगदी गुपचूप. नाल्यातला पंजा अजून ओलाच होता. माझ्याच छातीत धस्स झालं.

"अरे, चूप काऊन झाले?" मी मागून ओरडली. "मोठ्यानं बोला! रस्ता बाकी आहे अजून!"