शेंगदाण्यांनी मोजलेला समुद्र

मी सांगतो त्यावर आजवर कुणी विश्वास ठेवलेला नाही, तुम्हीही ठेवणार नाही. पण गुरूच्या चंद्राकडे निघालेल्या त्या यानावर शेंगदाण्याचं चित्र आहे ना, ते माझ्यामुळे!

माझी नात केतकी मालवणच्या जेटीवर बसून पडद्यावर ते यान बघत होती. म्हणाली, "आजोबा, तिथल्या बर्फाखालच्या समुद्रात हायड्रोफोन (पाण्यात बुडवून ऐकायचा कान) सोडणार आहेत. त्याला आपल्या सुलूआजीचं नाव दिलंय, तेही बरोबर. समुद्राचे आवाज तिच्याआधी इतके कुणी अभ्यासले होते? पण शेंगदाणा कशाला?"

"ऐक गो. सुलूआक्का, माझी थोरली बहीण, तेव्हा तुझ्याएवढी. मी तिच्याहून लहान, पण अक्कल दुप्पट."

"हं. पुढे?"

"बाबा पहाटे मासेमारीला गेले आणि धुकं उतरलं. इतकं दाट, की मी त्याचा तुकडा कापून उशाला घेतला. बाबांच्या होडीचं इंजिन बंद पडलेलं, ओहोटी तिला खडकांकडे ओढतेय. बाबा पान्यानं होडीच्या फळीवर थांबून थांबून ठोके मारतायत. ठक्क! आम्ही दोघं छोट्या होडीतून शोधायला निघालो. पण जायचं कुठं?

"घोळ मासा पाण्यात गुरगुरतो. तो ऐकायला वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवायचं आणि दांड्याला कान लावायचा, ही आपली जुनी रीत. आक्कानं तसाच कान लावला. तर काय! बाबांचा एकच ठोका दोनदा आला. आधी वल्ह्यातून, मग हवेतून."

"प्रतिध्वनी?"

"छे! आवाज एक, वाटा दोन. आवाज म्हणजे कणांची ढकलाढकली. हवा पटकन चेपते, धक्का पुढं जायला वेळ लागतो. पाणी चेपायला महाकठीण, म्हणून धक्का झटकन पुढं. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगानं धावतो."

केतकीनं डोळे मिटून विचार केला. "दोघं एकदम निघाले, तर जितकं अंतर मोठं, तितका हवेतला मागे पडणार. म्हणजे मधला वेळ जास्त, तर बाबा लांब. कमी, तर जवळ!"

"शाबास! पण आक्काकडे घड्याळ कुठलं? माझ्या खिशात शेंगदाणे. वल्ह्यात ठोका आला की ती बोट वर करायची, मी दाणा तोंडात टाकायचो. पहिला चावून संपला, तेव्हा कुठं हवेतला ठोका आला. थोडं वल्हवलं, तर दाणा संपून दुसरा लागला. चुकलो! होडी वळवली. मग अर्ध्या दाण्यातच ठक्क. मग नुसता दाताखाली धरला, तोच ठक्क! आणि शेजारीच खडकांवर लाटा फुटताना ऐकू आल्या."

"सापडले का?" केतकीनं माझी बाही घट्ट धरली.

"सापडले. मी दोर फेकला, बाबांनी झेलला. आक्का मात्र तेव्हापासून जन्मभर समुद्राला कान लावून राहिली. तिनं पेरलेल्या कानांमुळे देवमाशांच्या वाटा कळल्या, जहाजं त्यांना वळसा घालून जायला लागली. आता तिचा कान परक्या समुद्रात चाललाय. तिथं कुणी गुरगुरत असेल, तर ते तू ऐकशील."

"आणि उरलेले दाणे?"

"ते? होड्या एकमेकींना चिकटल्या, तेव्हा बाबांनी आनंदानं शेवटचा ठोका मारला. आक्कानं बोट वर केलं. हवेतला ठोका येईपर्यंत मी मूठभर दाणे खाऊन वर तांब्याभर पाणी प्यालो!"

"थापा! थापा!" केतकी इतक्या मोठ्यानं ओरडली की अख्खी जेटी वळून बघायला लागली. "होड्या चिकटल्या होत्या ना, आजोबा? मग दोन्ही ठोके एकदमच यायला हवेत!"