वळणावर दगड होणारं स्टिअरिंग

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. मी त्या गाडीत बसले होते.

त्यामुळे "भास झाला असेल" वगैरे मला कुणी सांगू नका. माझं चष्म्याचं दुकान आहे. कुणाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे तपासण्यातच माझा दिवस जातो.

वार शुक्रवार. संध्याकाळची वेळ, आकाश कोरडं. जागा म्हणजे डोंगरातल्या रस्त्याचं ते डावीकडचं वळण, जिथे माझी मोठी बहीण गेली.

आधी ताईबद्दल सांगते.

ताई फिजिओथेरपिस्ट होती. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचे गुडघे आणि खांदे चालते करायची. तिच्या अंगाला कायम दुखण्यावरच्या मलमाचा वास. मी चिडवायची, "ताई, तू येण्याआधी तुझं मलम येतं." त्यावर ती मलमाचेच हात माझ्या गालाला पुसायची.

डोंगरापलीकडे तिचे बरेच पेशंट होते, म्हणून तिनं ती छोटी एसयूव्ही घेतली. काय कौतुक होतं तिला त्या गाडीचं. उंच बसायला मिळतं, खड्डा कळत नाही, व्यायामाचं सगळं सामान मागे मावतं. ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

मग एक दिवस ती घरी आली ती पांढरीफटक होऊन.

"वळणावर स्टिअरिंग दगड झालं गं. फिरेचना. क्षणभरानं सुटलं आपोआप."

ती गाडी घेऊन वर्कशॉपमध्ये गेली. तिथला सर्व्हिस मॅनेजर म्हणजे 'ओके साहेब'. खरं नाव काहीतरी वेगळं होतं, पण गाडी कुठलीही असो, तक्रार कुठलीही असो, हा माणूस शेवटी "ओके आहे" म्हणायचा. त्याच्या हाताखालचेच लोक त्याला मागून ओके साहेब म्हणायचे.

त्या वर्कशॉपची एक पद्धत होती. तपासायची गाडी चालवताना आधी एसी बंद, दिवे बंद, रेडिओ बंद. सगळं बंद. का, तर गाडीतला बारीकसा आवाजही ऐकू यावा.

ताईनं परोपरीनं सांगितलं. "साहेब, सगळं चालू असतं तेव्हाच होतं हे. पाऊस असतो, एसी लावलेला असतो, दिवे, वायपर. तसं चालवून बघा ना."

त्यांनी सगळं बंद करून चालवली.

"ओके आहे, मॅडम."

ती पुन्हा गेली. परत तेच. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तो सगळ्यांदेखत हसून म्हणाला, "गाडीत दोष नाही हो. हात कच्चा आहे."

त्यानंतर थोड्याच दिवसांत, भर पावसात, त्या डावीकडच्या वळणावर ताईची गाडी वळलीच नाही.

सरळ गेली. खाली.

चौकशीला आलेल्यांनाही ओके साहेबानं तेच सांगितलं. गाडी ठणठणीत होती, बाईंचा हात कच्चा होता. बातमीतही तेच छापून आलं.

आता हे शब्द आम्हाला का झोंबले ते ऐका. माझी आई गाडी शिकवते. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांनी पहिला गिअर तिच्या शेजारी बसून टाकलाय. ताईलाही तिनंच शिकवलं होतं. त्या बातमीनंतर आईच्या क्लासला येणारे एकेक करून बंद झाले. कुणी तोंडावर बोललं नाही. पण जिच्या स्वतःच्या मुलीचा हात कच्चा, तिच्याकडे कोण शिकणार?

आईनं दारावरची पाटी उतरवून पलंगाखाली सरकवली. मुलगी गेली तेव्हा ती रडली होती. पाटी काढताना रडलीसुद्धा नाही.

त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. त्या माणसानं चार लोकांसमोर सांगावं, की हात कच्चा नव्हता, दोष गाडीत होता. मी दोनदा वर्कशॉपमध्ये जाऊन भांडले. त्यानं मला चहा विचारला.

आणि मग त्या शुक्रवारी, दुपारी, तो स्वतः माझ्या दुकानात आला.

मी आधी ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले. तो डोळे तपासायच्या खुर्चीत जाऊन बसला आणि म्हणाला, "दार लावता का जरा?"

मी दार लावलं नाही. नुसती हाताची घडी घालून उभी राहिले.

त्याच्याकडे ताईसारखीच गाडी होती. तेच मॉडेल. घर डोंगरापलीकडे, त्यामुळे रोजचा रस्ताही तोच.

"सुरुवात पार्किंगमध्ये झाली," तो म्हणाला. "गाडी बंद केली, चावी खिशात टाकली, चालायला लागलो. मागून आवाज आला..."

खर्र... खर्र...

"वायपर. कोरड्या काचेवर. मी वळलो तर थांबले."

मी हाताची घडी सोडली नाही.

"मग चालत्या गाडीत व्हायला लागलं. आधी एसी लागतो, आपोआप. मग दिवे. मग वायपर. मी बंद करतो, ते पुन्हा लागतं. कायम याच क्रमानं. आणि सगळं लागलं, की..."

"स्टिअरिंग दगड होतं," मी म्हणाले.

त्यानं खाली मान घातली.

त्यानं गाडी स्वतःच्या वर्कशॉपमध्ये दाखवली होती. पोरांनी एसी, दिवे, सगळं बंद करून चालवून पाहिली आणि सांगितलं, "ओके आहे, साहेब. तुमचाच हात जड झालाय." आणि पोरं हसली.

खोटं कशाला बोलू? मला गार गार वाटलं ऐकून. करावं तसं भरावं.

"दुसरी गाडी नेऊन बघितली," तो म्हणाला. "वेगळ्या कंपनीची. तेच. आणि एसी लागला की वास येतो... दुखण्यावर लावतात ना, त्या मलमाचा."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ताईचं काम काय होतं, हे या माणसाला माहीतच नव्हतं. त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

"काल माझी मुलगी शेजारी बसली होती," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. "कठड्याला घासून थांबली गाडी. तुम्ही त्यांच्या बहीण. तुमचं ऐकतील त्या. एकदा सांगा त्यांना."

"साहेब, जिवंत होती तेव्हाही ती कुणाच्या बापाचं ऐकत नव्हती."

"मी काय करू मग?"

"जे खरं आहे ते सगळ्यांसमोर सांगा."

तो खुर्चीतून उठला, पुन्हा बसला. म्हणाला, "नोकरी जाईल माझी. दुसरं काहीही सांगा."

माझं डोकं सणकलं. जीव मुठीत धरून आलाय, तरी आधी खुर्ची सांभाळतोय. मी दुकानाचं शटर ओढलं.

"चला. तुम्ही चालवा, मी शेजारी बसते. त्या वळणापर्यंत जाऊ."

त्याला वाटलं, मी ताईची समजूत घालायला येतेय. मला त्याला घाबरलेलं बघायचं होतं. आणि मला ताईला भेटायचं होतं. दोन्ही खरं आहे.

चढ लागेपर्यंत काहीच झालं नाही. गाडी लोण्यासारखी चालत होती. तो स्टिअरिंगला दोन्ही हातांनी चिकटून बसला होता. कपाळावर घाम. मला तर वाटायला लागलं, हा माणूस उगाच घाबरलाय.

मग...

एसी लागला.

मी बटणाकडे बघत होते. कुणीही हात लावला नव्हता. आणि गार वाऱ्याबरोबर तो वास आला. मलमाचा.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. किती दिवसांनी आला होता तो वास. मी हळूच "ताई" म्हटलं.

मग...

दिवे लागले.

बाहेर अजून उजेड होता. तरी समोरच्या कठड्यावर दोन पिवळे डाग पडले.

"बघितलंत?" तो पुटपुटला. "आता..."

खर्र... खर्र... खर्र...

कोरडी काच, आणि वायपर जिवाच्या आकांतानं फिरायला लागले.

वळण समोर आलं. त्यानं स्टिअरिंग डावीकडे ओढलं. हललं नाही. मी पट्ट्यात अडकल्या अडकल्या दोन्ही हातांनी धरलं. दोघांनी मिळून ओढलं. भिंतीत बसवलेलं असावं तसं घट्ट होतं ते.

त्यानं ब्रेक दाबला. गाडी घसरत राहिली, पण सरळ.

कठडा जवळ येत होता. तिथे सिमेंट नवीन होतं. ताईची गाडी गेली, त्यानंतर बांधलेला तुकडा.

मी ओरडले. काय ओरडले ते शेवटी सांगते.

कठडा अगदी समोर आला तेव्हा तो माणूस जे ओरडला, ते मी जन्मात विसरणार नाही.

"दोष होता... गाडीत दोष होता, बाई. तुमचा हात पक्का होता. मी सांगतो सगळ्यांना. उद्याच सांगतो."

स्टिअरिंग सुटलं.

इतकं एकदम सुटलं की आम्ही दोघं त्याच्याबरोबर डावीकडे कोलमडलो. त्याच्या बाजूचा आरसा कठड्याला लागून तुटला. गाडी फिरली, रस्त्याच्या मधोमध आडवी थांबली. वायपर बंद. दिवे बंद. एसी बंद. बाहेर एक पक्षीसुद्धा बोलत नव्हता.

तो माणूस स्टिअरिंगवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडत होता. मला त्याची दया आली नाही. माझेच दात वाजत होते.

त्यानं शब्द पाळला, हे मात्र मान्य करायला हवं. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये गाड्यांचे मालक, मेकॅनिक, धुलाईवाले, सगळ्यांसमोर तो उभा राहिला. मी आईला घेऊन गेले होते. तो म्हणाला, त्या बाईंनी सांगितलं तसं आम्ही कधी तपासलंच नाही. त्यांचा हात कच्चा नव्हता. आमचं काम कच्चं होतं.

मग चौकशीनंतर मागच्या आवारात आणून टाकलेली ताईची चेपलेली गाडी उघडली. त्यात एक जाड वायर सैल होऊन गंजलेली निघाली. स्टिअरिंग हलकं ठेवणारी मोटर विजेवर चालते. एसी, दिवे, वायपर सगळं एकदम लागलं की त्या सैल वायरमुळे मोटरला वीज पुरायची नाही. ताई हेच तर सांगत होती. त्या मॉडेलच्या आणखी गाड्या बोलावून घेतल्या, तर कित्येकांत तीच वायर सैल.

ओके साहेबाच्या स्वतःच्या गाडीतही बघितली.

त्याची वायर घट्ट होती. नव्यासारखी.

त्याची नोकरी गेली. तो आता बसनं फिरतो म्हणे.

आईनं पाटी पुसून पुन्हा दारावर लावली. या महिन्यात तर सकाळच्या क्लासला जागा नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. "तुझ्या ताईची तर मेल्यावरही गेली नाही," आई परवा म्हणाली. "खरं करून दाखवेपर्यंत सोडलं नाही बघ त्याला." बऱ्याच दिवसांनी हसली ती.

आणि मग म्हणाली, "पण मला माहीत होतं, तुला ती काही होऊ देणार नाही. तू आत होतीस म्हणून वाचला तो."

मी "हो" म्हटलं.

काय ओरडले होते मी, ते आता सांगते.

कठडा समोर दिसत होता तेव्हा मी ओरडले होते, "ताई, मी आहे गं. मी बसलेय आत."

आणि...

वायपर थांबले.

काचेच्या अगदी मधोमध. तेवढ्यापुरते. तो माणूस तेव्हा अजून काहीच बोलला नव्हता. नुसते ओठ हलत होते त्याचे. गाडीत आवाज होता तो फक्त माझा.

म्हणजे तिनं ऐकलं होतं. मी आहे, हे तिला कळलं होतं.

मी श्वास रोखून वाट बघितली.

खर्र... खर्र...

ते पुन्हा सुरू झाले. आधीपेक्षा जोरात. आणि स्टिअरिंग तसंच दगड होतं.

हे मी आईला सांगितलेलं नाही.