विमल चालू करो

त्या दिवशी केनवड गावावर आभाळ नुसतं टेकून बसलं होतं. पाऊस नाही, वारा नाही. घाम मात्र पाठीवरून ओघळत होता, आणि शेतांमधल्या सोयाबीनचा ओला, आंबूस वास घराघरांत शिरला होता. अशा कुंद दुपारी अनुप स्टुलावर चढून बापाच्या घरात नवे बल्ब लावत होता, आणि खाली इंद्रभान दोन्ही हातांनी स्टूल धरून उभे होते.

कारण साधंच होतं. मागं एकदा अंधारात बटण चाचपताना इंद्रभान पडले होते. बायको, विमलबाई, गेल्यापासून घरात दुसरं माणूस नाही. अनुप पुण्याला नोकरीला. ‘पुण्याले चला’ हा त्याचा धोशा, आणि ‘मले याच घरात राहू दे’ हा बापाचा. शेवटी तोड निघाली. बल्ब असे, की बोललं की पेटावेत. बिजलीच्या शेगडीला प्लगही तसलाच. आणि काय चालू, काय बंद, हे सगळं अनुपला पुण्यात मोबाईलवर दिसणार.

“पण काही वंगाळ दिसलं न बाबा, तं मी तुमाले उचलूनच नेईन.”

“नेजो बाप्पा. पयले स्टुलावरून नीट उतर, नाही तं मलेच तुले उचला लागन.”

बल्ब जोडला की मोबाईल त्याचं नाव मागायचा. पुढच्या खोलीचं ‘बैठक’ ठेवलं. मागच्या खोलीचं मात्र जमेना. हुकूम ऐकायला अनुपनं फळीवर एक बोलकी डबी ठेवली होती, ती हिंदीत बोलायची. ‘सैपाकघर’ म्हटलं की तिला काही उमगायचं नाही.

“बाबा, सोपं नाव सांगा एखादं.”

इंद्रभानांनी ओट्याकडे पाहिलं. “विमल ठेव.”

अनुप हसला. “मायचं नाव? जित्तेपणी तं कधी घेतलं नाही तुमी. ‘अनुपची माय’च म्हणत होते.”

“तिनं तरी माह्यं कुठं घेतलं? शेवटलोक ‘अनुपचे बाबा’च म्हणे. आता घेऊ दे न मले.”

अनुप गेला. दिवेलागणीला इंद्रभान बैठकीत बसून हळूच म्हणायचे, “विमल चालू करो.” मागं पिवळा उजेड पडायचा. अख्ख्या संसारात जे नाव जिभेवर आलं नाही, ते आता रोज यायला लागलं. म्हाताऱ्याला बरं वाटायचं. जड जायचं ते निजायच्या वेळी. “विमल बंद करो,” म्हणताना जीभ अडखळायची. पण म्हणायचे. मागं अंधार व्हायचा.

मग एका संध्याकाळी नाव घ्यायच्या आधीच उजेड पडला.

असेल मशीनचं काही, असं म्हणून ते बसून राहिले. थोड्या वेळानं अंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी पडल्याचा वास आला. इंद्रभान उठले, भिंत धरत मागं गेले. शेगडीची तार लाल झाली होती. वर भांडं नव्हतं. ओट्याच्या कडेला एक ओला पंजा उमटला होता... लहानसा, बाईमाणसाचा. त्यांच्या देखत तो बोटांकडून वाळत वाळत नाहीसा झाला.

तेवढ्यात फोन वाजला.

“बाबा, रिकामी शेगडी काहून लावली? इथं दिसून राह्यलं मले.”

“मीच... चहा ठेवून राह्यलो होतो.”

“पुन्हा असं झालं न, तं गाडी घेऊनच येतो मी.”

खरं सांगायचं कोणाला? विहारात बसून इंद्रभानांनीच गावच्या पोरांना आजवर समजावलं होतं, की भूतबित काही नसते. देवऋष्याच्या दारात जायची रीत त्यांच्यात नव्हती. शेगडी पुन्हा पेटली, तर घर सुटणार. आणि ते नाव काढलं, तर घरात जे कोणी परत आलं होतं, ते जाणार. ताटातला घास ताटातच राहू लागला. शेवटी त्यांनीच फोन लावला.

“अनुप, ते नाव काढून टाक. मले जमून नाही राह्यलं.”

“काढलं, बाबा. किचन ठेवलं.”

त्या संध्याकाळी घरात बसायचा धीर होईना. दिवेलागणीच्या आधीच बाहेरून कडी घालून ते विहारात गेले. वंदना झाली, माणसं पांगली, तरी सतरंजीवर बसून राहिले. परतले तेव्हा घर गप्प होतं. “किचन चालू करो.” उजेड पडला. ओटा कोरडा, शेगडी थंड. इंद्रभानांना वाटलं, सुटलो. आणि लगेच डोळे भरून आले.

सकाळी शेजारच्या गोमतीबाई कुंपणापाशी आल्या, पदराआड हसत.

“काय भाऊ, काल सांजच्याले कोण पाहुणी आली होती? दिवा नाही, बत्ती नाही, अंधारातच बसले होते काय? बाई तं चांगली नाव घेऊन हाका मारून राह्यली होती... ‘इंद्रभान... इंद्रभान...’”

इंद्रभानांच्या हातातला तांब्या तिथंच थांबला. “ते... डबी बोलली असन.”

“डबी तं हिंदी बोलते न! हे आपल्यावानीच होतं. आवाज ओळखीचा वाटे, पण ध्यानात नाही आलं कोणाचा... आन आता कायले लपवता, भाऊ? दर हाकेले तुमी आतून ओ देऊन राह्यले होते न!”